गटाची सहल महाबळेश्वरला : मुक्कामाची खोली कशी निवडावी?

सहलीला कुठं जायचं याची चर्चा गटात फार रंगते. गाडी कोणती, डब्यात काय, साडी कोणती, सगळं ठरतं. राहायचं कुठं, हे मात्र "तिथं गेल्यावर बघू" म्हणून सोडून दिलं जातं. आणि सहल बिघडते ती नेमकी तिथंच. म्हणून आज आपण फक्त मुक्कामाच्या खोलीबद्दल बोलू. ठिकाण धरू महाबळेश्वर. आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींनी अजून न बघितलेलं.

हा विषय घ्यायचं कारणही सांगतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही बाराजणी तिकडं गेलो होतो. वर्षभर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून सहलीचा निधी जमवला होता. फोनवर एकानं स्वस्तात खोल्या सांगितल्या, आम्ही आगाऊ पैसे पाठवले. पोचलो तर हॉटेल बाजारापासून चार किलोमीटर लांब. भिंतींना ओल, पांघरुणाला कुबट वास. गरम पाणी सकाळी फक्त तासभर, तेही बाराजणींना पुरलं नाही. आमच्यातल्या वयस्कर आक्का रात्रभर स्वेटर आणि दोन लुगडी अंगावर घेऊन बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता "खोली सोडा, नाहीतर अजून एका दिवसाचं भाडं द्या" असं ऐकावं लागलं.

पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण घरी आल्यावर जे ऐकावं लागलं, त्याचं जास्त होतं. "सांगत होतो ना, बायकाबायकांनी कशाला जायचं?" आमच्यातल्या तिघीजणींना पुढच्या वर्षी घरातून परवानगीच मिळाली नाही. म्हणजे एका चुकलेल्या खोलीची किंमत एवढी मोठी असते. त्यानंतर आम्ही शहाण्या झालो, कागद-पेन घेऊन बसलो, आणि पुढची सहल नीट पार पाडली. त्यातून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी महिना आणि वार ठरवा

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंच आहे. तिथं वर्षाला 5,000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. आपल्या दुष्काळी पट्ट्यात वर्षाचा पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर. म्हणजे आपल्याकडं दहा वर्षांत पडेल एवढं पाणी तिथं एका पावसाळ्यात कोसळतं. तिथले लोक पावसाळ्याआधी भिंतींना गवताच्या नाहीतर पत्र्याच्या झडी लावतात, ते उगाच नाही. जून ते सप्टेंबर दर उतरतात हे खरं, पण धुक्यात काही दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि खोल्यांना ओल येते. गुडघेदुखीच्या किंवा दम्याच्या बायका बरोबर असतील तर तो काळ टाळावा.

दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, आणि एप्रिल-मे ही गर्दीची वेळ. या दिवसांत त्याच खोलीचं भाडं दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होतं. आपल्या खिशाला परवडेल असा काळ म्हणजे दिवाळीची गर्दी ओसरल्यावर डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आणि पुढं जानेवारी-फेब्रुवारी. त्या वेळी स्ट्रॉबेरीही असते. थंडी मात्र कडाक्याची. वेण्णा तलावाच्या बाजूला कधी कधी पहाटे दव गोठून पांढरं होतं. त्यामुळं पांघरुणाची चौकशी आधीच करायची.

वाराचंही तसंच. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी येते. सोमवार ते गुरुवार गेलात तर त्याच पैशात चांगली खोली मिळते, आणि हॉटेलवाला घासाघीसही ऐकून घेतो. नोकरदारांना शनिवार-रविवारच सुट्टी मिळते, आपल्याला तसं बंधन नाही. त्याचा फायदा घ्या.

"महाबळेश्वर" म्हणजे नेमकं कुठं?

हा प्रश्न विचारायचा राहिला, तिथंच आम्ही फसलो. हॉटेलच्या पाटीवर महाबळेश्वर लिहिलेलं असतं, पण हॉटेल मेटगुताडला असू शकतं, लिंगमळ्याकडं असू शकतं, थेट भिलारच्या बाजूलाही असू शकतं. ही गावं वाईट नाहीत. भिलार तर पुस्तकांचं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. स्वतःची गाडी असेल तर तिथं शांत राहता येतं. पण आपण एसटीनं जाणार असू तर प्रत्येक वेळी बाजारात यायला गाडी करावी लागते.

आणखी एक गोष्ट. बाजारपेठेचं महाबळेश्वर वेगळं आणि क्षेत्र महाबळेश्वर वेगळं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं पंचगंगा मंदिर आहे ते क्षेत्र महाबळेश्वरला. दोन्हींमध्ये पाच-सहा किलोमीटर अंतर आहे. सहल मुख्यतः देवदर्शनाची असेल तर तिकडं राहण्याचा विचार करता येतो. बाजार, बसस्थानक, खानावळी हे सगळं जवळ हवं असेल तर बाजारपेठेच्या आसपासच बघा.

"बाजारापासून पाच मिनिटं" असं कुणी सांगितलं तर लगेच विचारा, "चालत की गाडीनं?" आणि "रस्ता चढाचा आहे का?" हेही विचारा. डोंगरातलं अर्धा किलोमीटर चढण साठीच्या बाईला सपाटीवरच्या दोन किलोमीटरसारखं वाटतं.

पाचगणीचाही विचार करा. वाईवरून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, तिथून महाबळेश्वर वीसेक किलोमीटर पुढं. दोन्हींमध्ये एसटी चालते. पाचगणीला पाऊस आणि ओल कितीतरी कमी. महाबळेश्वरला मनासारखी खोली मिळाली नाही, तर पाचगणीला मुक्काम करून एक दिवस वर जाऊन येता येतं.

स्वस्त खोली खरंच स्वस्त असते का?

आता हिशोब करू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, खरे दर रोज बदलतात. धरा, आपण बाराजणी आहोत, दोन रात्री राहायचं आहे, एका खोलीत तिघी. म्हणजे चार खोल्या.

पहिलं हॉटेल गावापासून लांब. खोली 1,500 रुपये, पण ती दोघींसाठी. तिसरीला जादा गादीचे 300. म्हणजे एका खोलीचे रात्रीचे 1,800. चार खोल्या, दोन रात्री, झाले 14,400. त्यावर 5 टक्के जीएसटी 720. एकूण 15,120. नाश्ता वेगळा, एकीचा 60 रुपये धरला तर बाराजणींचा दोन दिवसांचा 1,440. बाजारात जायला-यायला दोन गाड्या, एका गाडीचे एका वेळचे 300, अशा चार फेऱ्या. म्हणजे 2,400. सगळं मिळून 18,960 रुपये. एकीच्या वाट्याला 1,580.

दुसरं हॉटेल बाजाराजवळ. खोली 2,000 रुपये, पण तिघींची, आणि जादा गादी व नाश्ता त्यातच. चार खोल्या, दोन रात्री, झाले 16,000. जीएसटी 800. एकूण 16,800. गाडीचा खर्च नाही. एकीच्या वाट्याला 1,400.

बघा, फोनवर जी खोली 500 रुपयांनी स्वस्त वाटली, ती शेवटी माणशी 180 रुपयांनी महाग पडली. म्हणून खोलीचा दर विचारून थांबू नका. सगळा खर्च मांडा आणि माणशी किती पडतं ते काढा. गटाच्या हिशोबात आपण रुपयाचा मेळ घालतो, इथंही तेच करायचं.

जीएसटीचं लक्षात ठेवा. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो 12 टक्के होता. कुणी अजून 12 टक्के लावत असेल तर विचारा. आणि बिलावर जीएसटी नंबर छापलेला नसेल, तर त्या हॉटेलाला तो कर आपल्याकडून घेता येत नाही.

फोनवर काही इंग्रजी अक्षरं कानावर पडतील, त्यांना घाबरू नका. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे खोली, नाश्ता आणि एक वेळचं जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. आपण दिवसभर फिरणार असू तर दुपारचं जेवण हॉटेलवर होत नाही, त्यामुळं एपीचे पैसे वाया जातात. रात्री थंडीत बाहेर जेवायला जायचं नसेल तर एमएपी सोयीचं पडतं.

फोनवर काय विचारायचं?

निदान तीन हॉटेलांना फोन करा. फोन एकीनं करावा, दुसरीनं लिहून घ्यावं. फोन स्पीकरवर ठेवला तर सगळ्याच ऐकतात. असं बोलता येतं:

"नमस्कार दादा, आमचा महिलांचा गट आहे, बाराजणी. मंगळवार-बुधवार दोन रात्री राहायचंय. तिघींच्या चार खोल्या हव्यात. कर, जादा गादी, नाश्ता सगळं धरून एका खोलीचे किती?"

"ताई, पंचवीसशे पडतील."

"शनिवार-रविवार नाही दादा, मधल्या वारी येतोय. चार खोल्या एकदम घेतोय. काहीतरी कमी करा."

दर ठरला की पुढचे प्रश्न, एकेक करून:

गरम पाणी किती वाजता येतं, आणि गीझर खोलीत आहे का? "गरम पाणी आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

खोलीत यायची वेळ कोणती, सोडायची कोणती? काही ठिकाणी चोवीस तास धरतात, काही ठिकाणी दुपारी एकला खोली देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला सोडायला लावतात. लवकर पोचलो किंवा उशिरा निघालो तर सामान ठेवायला जागा मिळेल का?

चारही खोल्या एकाच मजल्यावर, शेजारी शेजारी मिळतील का? वयस्कर बायकांना तळमजला मिळेल का? संडास कमोडचा आहे की भारतीय पद्धतीचा? ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना कमोड हवा असतो, काहींना तो चालत नाही. हे विचारायला लाजू नका.

माणशी एक पांघरूण आहे की खोलीला दोनच? वीज गेली तर जनरेटर आहे का? दरवाजाला आतून कडी आहे का? रात्री काउंटरवर कोण असतं? हॉटेलात दारू पिणाऱ्यांचे ग्रुप उतरतात का? हा प्रश्न सरळ विचारा. कुटुंबं उतरवणारा हॉटेलवाला त्याचं उत्तर सरळ देतो. जो हसून उडवतो, त्याचं नाव यादीतून काढा.

गटात कुणाच्या मुलीकडं किंवा सुनेकडं स्मार्टफोन असेल, तर तिला हॉटेलबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायला सांगा. चांगलं लिहिलेलं थोडं, तक्रारी जास्त वाचा, आणि अलीकडच्या दोन-तीन महिन्यांतल्या वाचा. एकच तक्रार तीन-चार जणांनी केली असेल, म्हणजे पाणी नाही, वास येतो, वागणूक नीट नाही, तर ती खरी समजा. हॉटेलनं टाकलेले फोटो सोडा, उतरलेल्या लोकांनी काढलेले बघा. ॲपवर दिसणारा दर आणि फोनवरचा दर दोन्ही ताडून बघा, कधी हा कमी असतो, कधी तो.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासही महाबळेश्वरला आहे. शिवाय न्याहरी व निवास योजना आहे, त्यात घरगुती राहण्याची सोय होते. महिला दिनाच्या सुमाराला महामंडळानं महिलांना सवलत दिलेली आहे, तेव्हा आरक्षण करताना "महिलांसाठी काही सवलत आहे का" हे नक्की विचारा.

पैसे पाठवताना

सगळे पैसे आधी देऊ नका. पाव हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा आगाऊ द्या, बाकीचे पोचल्यावर. पैसे पाठवताना मोबाइलवर नाव दिसतं ते वाचा. ते हॉटेलचं किंवा मालकाचं आहे का, याची फोनवर खात्री करा. काय काय ठरलं ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा: तारीख, खोल्या किती, दर किती, त्यात काय काय धरलंय, आणि सहल रद्द झाली तर किती पैसे परत. आमच्याकडं असा एक ओळीचाही कागद नव्हता, म्हणून आम्हाला भांडताही आलं नाही.

खोट्या नावानं हॉटेलचे फोटो टाकून पैसे उकळणारेही आहेत. बाजारभावापेक्षा निम्म्यानं खोली मिळतेय आणि "आत्ताच्या आत्ता पैसे टाका" असं कुणी म्हणत असेल तर थांबा. पैसे परत देतो म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला तर तो टाकू नका. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर घरात लपवून बसू नका, लगेच 1930 या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त.

पोचल्यावर

प्रवासाला एसटी बरी. राज्यात महिलांना एसटीचं तिकीट अर्धं आहे आणि 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा. हॉटेलातही प्रत्येकीचं ओळखपत्र मागतात.

हॉटेलात पोचलात की सामान गाडीतच किंवा काउंटरपाशी राहू द्या. दोघीजणी आधी खोल्या बघून या, मगच रजिस्टरवर सही. नळ सोडून बघा, संडासात पाणी पडतं का बघा, कडी लावून बघा, गादी-उशीला हात लावून ओल आहे का बघा, खिडक्या नीट लागतात का बघा. माकडं फार आहेत, खिडकी उघडी राहिली तर खाऊची पिशवी जाते. खोली पसंत नसेल तर तिथंच, शांतपणे, दुसरी मागा. एकदा सामान पसरलं की कुणी ऐकत नाही.

फिरायला टॅक्सी करायची असेल तर तिथल्या टॅक्सी संघटनेचे पॉइंटनुसार दर ठरलेले असतात. ते विचारून घ्या, मग हॉटेलनं सांगितलेल्या गाडीशी तुलना करा.

निघायच्या आदल्या रात्रीच बिल मागा. सकाळच्या घाईत कुणी नीट वाचत नाही. जेवणाच्या बिलात "सर्व्हिस चार्ज" म्हणून आपोआप रक्कम लावलेली असेल तर ती काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. बक्षीस द्यायचं की नाही ही आपली मर्जी. ठरल्यापेक्षा जास्त घेतलं, कबूल केलेलं दिलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीतही तक्रार करता येते. रात्री-अपरात्री भीती वाटण्यासारखं काही घडलं तर 112.

पुढच्या बैठकीत

एवढं सगळं एकट्या अध्यक्षेनं करायचं नाही. कामं वाटून घ्या. एकीकडं फोन, एकीकडं लिहिणं, एकीकडं पैसे, एकीकडं वयस्कर बायकांची औषधं. वहीचं एक पान घ्या. तीन रकाने पाडा, तीन हॉटेलांचे. खाली लिहा: चालत किती अंतर, सगळं धरून भाडं, गरम पाणी, पांघरूण, खोली सोडायची वेळ, परताव्याची अट. शेवटच्या ओळीत माणशी खर्च. ते पान बैठकीत सगळ्यांसमोर वाचा आणि सगळ्यांनी मिळून ठरवा. मग चुकलं तरी एकीच्या माथी येत नाही.

आम्ही दुसऱ्या वेळी असंच पान भरलं. बाजाराजवळची, मध्यम भाड्याची, साधी खोली घेतली. झगमगाट नव्हता, पण गादी कोरडी होती आणि पहाटे साडेपाचला नळाला गरम पाणी होतं. त्याच आक्का आंघोळ करून सगळ्यांच्या आधी तयार होऊन बाहेर उभ्या होत्या, धुक्यात. घरी आल्यावर पासबुकात 740 रुपये शिल्लक दाखवले. ज्या तिघींना परवानगी मिळाली नव्हती, त्यांच्यातल्या दोघींची नावं यंदाच्या यादीत आहेत. तिसरीच्या घरी आम्ही सगळ्या मिळून हे पान घेऊनच जाणार आहोत.

तुमच्या गटाचा काय अनुभव, तो केंद्रावर येऊन नक्की सांगा.